युद्धानंतरच्या देशात भूलसेवा कशी उभी करायची? मराठवाड्यातल्या भूलवाल्यांसाठी सगळं सविस्तर

दर दोन-चार महिन्याला एखाद्या ज्युनिअरचा फोन येतोच, सर, एका संस्थेकडून बाहेर जायचं चाललंय, सुदान म्हणायलेत नाहीतर येमेन, काय न्यावं, काय वाचावं. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी अशा एका देशात जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काम केलंय, देशाचं नाव लिहीत नाही कारण संस्थेला तसं लिहून दिलेलं असतंय. डीए-एमडी (भूलशास्त्रातलं शिक्षण) करणारे पोरं, तालुक्याला प्रॅक्टिस करणारे भूलतज्ज्ञ आणि ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) सिस्टर-ब्रदर, एवढ्यांसाठी हे आहे. डोस फारसे सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येतात.

आधी थोडे आकडे. २०१५ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं हिशेब काढला की जगात ५०० कोटी लोकांना वेळेत, परवडणारं आणि सुरक्षित ऑपरेशन आणि भूल मिळत नाही. भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ म्हणतो लाख लोकांमागं निदान ५ डॉक्टर भूलतज्ज्ञ पाहिजेत, आणि त्यांच्याच २०१७ च्या मोजणीत ७७ देश त्याच्या खाली निघाले. युद्ध होऊन गेलेल्या बऱ्याच देशांत लाखामागं एकसुद्धा नसतो. कंबोडियात १९७५ ते ७९ च्या ख्मेर रूज राजवटीनंतर अख्ख्या देशात पन्नासच्या आसपास डॉक्टर उरले असं सांगतात, आणि त्यातले शिकवणारे किती हे तुम्हीच समजून घ्या. इमारत देणगीतून दोन वर्षात उभी राहते हो, पण दहा वर्षं ओटीत उभा राहिलेला माणूस मेला किंवा देश सोडून गेला की त्याच्या जागी कोणाला आणायचं, आणि जो येईल त्याला कोण शिकवणार, खरी अडचण तिथंच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तिथं केसेस उडवायला जाऊ नका. तुम्ही रोज आठ केसेस केल्या, सगळ्यांनी वाहवा केली, फोटो काढले आणि तुमचं विमान उडालं की दुसऱ्या दिवशी ओटी परत बंद. तिथलाच एक माणूस रात्री दोन वाजता सिझरला भूल देतोय आणि सकाळी आई-बाळ दोघं ठीक आहेत, हे तुमच्या माघारी घडायला पाहिजे. खाली जे लिहिलंय ते सगळं त्या हिशेबानं वाचा.

जायच्या आधी

हे पटकन उरकतो. मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू पाहिजे, गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असा कौन्सिलचा दाखला) काढायला वेळ लागतो म्हणून आधीच अर्ज टाका. विमा कोणाचा, जखमी झालात तर बाहेर कोण काढणार, हे तोंडी ऐकू नका, कागदावर घ्या. २०१६ ला सुरक्षा परिषदेनं हॉस्पिटल आणि डॉक्टरांवर हल्ले होऊ नयेत म्हणून २२८६ नंबरचा ठराव केला, चांगलंच झालं, पण ठराव काही छतावर पांघरता येत नाही, तवा सुरक्षेवाला माणूस जे सांगेल ते ऐकायचं, तिथं सीनियरगिरी चालत नाही. आणि सहा महिन्यांच्या खाली जाणार असाल तर शिकवायला जातोय असं म्हणू नका, तुमची भाषा, जेवण, व्हिसा यातच तिथल्या लोकांचा एक महिना जातो.

एक मनात ठेवूनच जा, नाव सर्जनचंच होणार. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि तिथंच १९४२ ला वारले, आपल्या शाळेतल्या पोरालासुद्धा माहितीय. त्यांच्या टेबलाच्या डोक्याशी भूल द्यायला कोण बसायचं, कोणी विचारलंय का कधी? जाऊ द्या.

पहिले दोन आठवडे नुसतं बघायचं

हात शिवशिवतात, पण जीव जायची वेळ आल्याशिवाय मधे पडायचं नाही. पहिल्या दिवशी ओटीचं रजिस्टर मागून घ्या. मी बघितलेल्या रजिस्टरात भुलीच्या रकान्यात पानाच्या वर एकदा 'केटामीन' (सुईनं द्यायचं भुलीचं औषध) लिहिलेलं आणि मग खालपर्यंत नुसती दोन टिंबं, दोन टिंबं, दोन टिंबं. सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) रकाना होता पण कोरा. मृत्यूचा रकानाच नव्हता. मोठ्या रिपोर्टात वाचून जे कळलं नसतं ते त्या एका पानावरून कळलं: स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) कोणाला येत नाही किंवा सुया नाहीत, ऑक्सिमीटर नाही किंवा आहे पण कपाटात आहे, आणि टेबलावर कोण मेलं याची चर्चा इथं होत नाही.

मग मोजा. दिवसात करंट किती तास, ऑक्सिजन किती तास, पाणी कुठून येतं, ऑटोक्लेव्ह (औजारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) कशावर चालतो, रात्री रक्त मिळतं का. पाण्याचं महत्त्व मराठवाड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा ऑटोक्लेव्हला पाणी कुठून आणायचं ही चिंता काय असते हे आपण बघितलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन ऑपरेशनं इथं रात्री होतात का ते विचारा: सिझर, पोट उघडायचं ऑपरेशन, आणि हाड बाहेर आलेलं फ्रॅक्चर. लॅन्सेट कमिशननं हीच तीन खूण म्हणून धरलीत, ही जमत असतील तर बाकीचं बरंच जमतं. दिवसा होतात का असं विचारू नका, दिवसा सगळं होतं.

शिपाई, सफाईवाली बाई, जनरेटरवाला, यांच्याशी चहा घ्या. हॉस्पिटलात खरं काय चालतं ते मेडिकल डायरेक्टरपेक्षा जनरेटरवाल्याला जास्त माहिती असतंय.

ऑक्सिजन आणि करंट

हे आधी, मशीन नंतर. लोक उलटं करतात.

सिलिंडरवर अवलंबून राहिलात तर रस्ता बंद झाला की ओटी बंद. आपल्या जम्बो सिलिंडरमध्ये अंदाजे ७००० लिटर गॅस असतो, मिनिटाला ५ लिटरनं चालवला तर एक दिवससुद्धा पूर्ण निघत नाही, आणि प्लांट दोनशे किलोमीटरवर, मधे चार चेकपोस्ट. म्हणून कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ ला, आपल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हे आलेत, त्यामुळं तुम्हाला नवं नाही. ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॅट लागतात, म्हणजे सोलर नि बॅटरीवर चालवणं अवघड नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो धरून इन्व्हर्टर निवडा आणि मधे स्टॅबिलायझर लावाच, जनरेटरचं व्होल्टेज वर-खाली झालं की पहिलं बोर्डच जळतं.

कॉन्सन्ट्रेटर हळूहळू मरतो आणि मरताना आवाज करत नाही, बुडबुडे तसेच येत राहतात. आतला झिओलाइट ओल खाल्ला की नायट्रोजन धरायचं सोडतो आणि तुम्ही ऑक्सिजन म्हणून जवळजवळ हवाच देत असता. म्हणून ऑक्सिजन अ‍ॅनालायझर, हातात मावणारा, हा तुमच्या बॅगेत पाहिजेच. रोज सकाळी प्रत्येक कॉन्सन्ट्रेटरला लावायचा, आकडा मशीनवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचा, ८२ टक्क्याच्या खाली गेला की तो बाजूला. फिल्टर आठवड्याला धुवायचा, धुळीच्या दिवसात दोनदा, आणि मशीन भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही. परभणीच्या मे महिन्यात जे मशीन टिकतं ते तिथंही टिकतं, अट एवढीच की कोणीतरी एक माणूस त्याचा मालक पाहिजे. सगळ्यांचं मशीन म्हणजे कोणाचंच नाही.

सिलिंडरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडं ऑक्सिजन म्हणजे काळं अंग पांढरा खांदा, अमेरिकेतून आलेला हिरवा, दुसरीकडून आलेला अख्खा पांढरा, आणि देणगीत सगळ्या देशांचे एकाच खोलीत. जोडायच्या आधी अ‍ॅनालायझर. नेहमी.

मशीन

प्रत्येक हॉस्पिटलात एक खोली असते, तिथं देणगीत आलेली भुलीची भारी मशीन्स प्लॅस्टिक न काढता उभी असतात. लग्नात आहेर म्हणून आलेल्या नाव घातलेल्या भांड्यांसारखं, द्यायला शोभतं, वापरात येत नाही. एखादं ११० व्होल्टचं, एखाद्याला सेन्सर पाहिजे तो देशात मिळत नाही, एखाद्याचा सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) संपला की दुसरा डबा येत नाही.

आणि नेमकं हे लक्षात घ्या की आपलं नेहमीचं भुलीचं बॉईल्स मशीन कॉन्सन्ट्रेटरवर चालत नाही. त्याला पाइपलाइन किंवा सिलिंडरचं ४ बारच्या आसपासचं प्रेशर लागतं, कॉन्सन्ट्रेटर तेवढं देत नाही. म्हणून तिथं ड्रॉ-ओव्हर. पेशंट स्वतः श्वास ओढतो किंवा तुम्ही बॅगनं देता, हवा व्हेपोरायझरवरून (भुलीच्या औषधाची वाफ करणाऱ्या भांड्यावरून) जाते, झालं. सोडा लाइम नको, नायट्रस गॅस नको, करंट गेला तरी भूल चालू. ऑक्सिजन मिनिटाला १ लिटर जरी रिझर्व्हायरच्या नळीतून जोडला तरी २१ टक्क्यावरून तिशी-पस्तिशीपर्यंत जातो, जास्त जोडला तर अजून वर. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश लष्करानं ट्रायसर्व्हिस नावाचा ड्रॉ-ओव्हर संच तंबूत वापरला, आणि आता कॉन्सन्ट्रेटर, ड्रॉ-ओव्हर आणि व्हेंटिलेटर एकत्र केलेली ग्लोस्टाव्हेंट, युनिव्हर्सल अ‍ॅनस्थेशिया मशीन असली यंत्रं याच कामासाठी बनवलेली मिळतात. आपल्या एमडीत ड्रॉ-ओव्हर म्हणजे व्हायव्हाला विचारलं तर सांगायचं, म्युझियममधलं. जायच्या आधी एखाद्या जुन्या सरांकडं बसून हात बसवून घ्या. संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाईला, इथर नि ईएमओ (इथरचं जुनं ड्रॉ-ओव्हर यंत्र) हाताळलेले रिटायर्ड सर अजून भेटतील, त्यांना कोणी विचारलं की आनंदच होतो.

नवीन मशीन मागायच्या आधी एक प्रश्न: हे बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस किती तासात इथं पोचतो? उत्तर 'दुसऱ्या देशातून' असेल तर ते मशीन नको म्हणा, फुकट असलं तरी. देणारे नाराज होतात, होऊ द्या.

औषधं

केटामीन नि स्पायनल यावर अशा ठिकाणची बहुतेक सगळी भूल चालते. केटामीन १९८५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे. करंट नाही, ऑक्सिजन कमी, प्रेशर लो, अशा पेशंटला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्याच्यामुळं एक आळस पण येतो. केटामीननं श्वास चालू राहतो म्हणून भूल देणारा केस अर्धी झाल्यावर बाहेर जाऊन बसतो, हे मी बघितलंय आणि जो कोणी जाईल तो बघणार. उलटी श्वासात गेली की केटामीन वाचवत नाही. पोट भरलेला, गोळी लागलेला पेशंट असेल तर श्वासनलिकेत ट्यूबच पाहिजे.

स्पायनलमध्ये सिझरवाली बाई जितकी सोपी तितकीच रक्त वाहून प्रेशर पडलेली बाई अवघड, तिला स्पायनल दिलं की तिथंच संपतं. शिकवताना हे पहिल्या दिवशी.

आता अँप्यूलची गोष्ट, जरा नीट वाचा. हेव्ही बुपिव्हॅकेन (स्पायनलचं औषध) आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक अ‍ॅसिड, दोन्ही लहान काचेचे पारदर्शक अँप्यूल, बऱ्याच कंपन्यांचे दिसायला एकसारखे, आणि सिझरला दोन्ही लागतात म्हणून एकाच ट्रेमध्ये. ट्रानेक्सा चुकून पाठीत गेलं तर झटके येतात, हृदय बंद पडतं, छापून आलेल्या अशा केसेसमध्ये जवळजवळ निम्मे दगावलेत. जगभर झालंय हे, श्रीमंत हॉस्पिटलातसुद्धा. देणगीतली औषधं परक्या भाषेतल्या लेबलची असली की अजूनच धोका. उपाय साधा आहे: ट्रानेक्सा स्पायनलच्या ट्रेच्या जवळपास येऊच द्यायचं नाही, वेगळ्या खोक्यात, वेगळ्या कपाटात, आणि भरायच्या आधी दोघांनी नाव मोठ्यानं वाचायचं. ज्याला लेबल वाचता येत नाही त्यानं भरायचं नाही, मग तो कितीही जुना असो.

फ्रीजची यादी छोटी ठेवा. स्नायू सैल करणारं (रिलॅक्संट) सक्सामेथोनियम, बाळंतिणीचं रक्त थांबवणारं ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ डिग्री पाहिजे, बाहेर राहिले की ताकद जाते आणि दिसत मात्र काहीच नाही. व्हेक्युरोनियमची पावडर उष्णतेत बरी टिकते म्हणून रिलॅक्संट तेच ठेवा. फ्रीजमध्ये थर्मामीटर आणि दोन वेळा लिहायचा कागद. फ्रीजमध्ये कोणाची तरी कोल्ड्रिंकची बाटली सापडणार, ती काढायची, न चिडता.

माणसं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, बाकी सगळं यासाठीच आहे.

कोणाला शिकवायचं? आपल्याकडं नर्सनं भूल द्यायची म्हटलं की असोसिएशनच्या मीटिंगला खुर्च्या वाजतात. पण तिथं डॉक्टर भूलतज्ज्ञाची वाट बघायची म्हणजे बारा वर्षं बायका मरू द्यायच्या. आफ्रिकेतल्या कितीतरी देशात बहुतेक भूल नर्स किंवा टेक्निशियनच देतात. आणि आपण काय वेगळं केलं? एमबीबीएसला १८ आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन तालुक्याला सिझरपुरती भूल द्यायला आपल्याच सरकारनं तयार केलं ना, कारण उमरग्याला नि किनवटला रात्री भूलतज्ज्ञ कुठून आणणार? पण दुसरी बाजू झाकायची नाही. २०१६ ला गरीब नि मध्यम देशांतल्या बाळंतिणींचा मोठा आढावा निघाला, त्यात प्रसूतीच्या ऑपरेशनात दर हजारी १.२ बायका भुलीमुळं गेल्या असा हिशेब आला, आणि जिथं भूल डॉक्टरनं दिली नव्हती तिथं धोका जास्त दिसला. म्हणून नर्सला शिकवून सोडून द्यायचं हे पाप आहे. शिकवायचं, हद्द ठरवून द्यायची आणि फोनवर का होईना सीनियर ठेवायचा.

निवडताना मार्क बघू नका. जो त्याच जिल्ह्याचा आहे, ज्याचं घर, शेत, म्हातारी आई तिथं आहे, तो टिकतो. राजधानीतून आलेला हुशार पोरगा राजधानीत परत जातो. बायका घ्याच, लेबर रूममधल्या सिस्टरमधून, काही भागात बाईपेशंटजवळ पुरुष बसलेला चालत नाही आणि सिझर तर सगळ्यात जास्त. सोमालीलँडला हर्गेसामध्ये एडना आदान या सुईणबाईंनी २००२ ला हॉस्पिटल उघडलं, तेव्हा नर्सेस आधी स्वतःच तयार कराव्या लागल्या होत्या, कारण शिकलेले निघून गेलेले. तुम्ही पण तेच करणार आहात असं समजा.

क्रम असा ठेवा. पहिला महिना ट्यूबला हात नाही. मास्क धरणं, हनुवटी उचलणं, हातानं श्वास द्यायची अँब्यू बॅग, सक्शन, एवढंच, सकाळ-संध्याकाळ, दाढीवाल्या पेशंटवर, दात नसलेल्यावर, जाड मानेच्यावर. ट्यूब जमली नाही म्हणून कोणी मरत नाही, श्वास देता आला नाही म्हणून मरतो, हे प्रत्येक भूलवाल्याला पाठ असतं पण शिकवायची वेळ आली की आपण ट्यूब घालायचा लॅरिंगोस्कोपच आधी हातात देतो. मग शिरा, पाणी, रक्त किती गेलं याचा अंदाज. मग स्पायनल. मग केटामीन. ट्यूब त्याच्यानंतर, आणि लहान पोरांची भूल सगळ्यात शेवटी, वर्षभर बरोबर बसवून. एकूण दीड-दोन वर्षं लागतात. सहा आठवड्यात भूलतंत्रज्ञ तयार करून द्या म्हणणारे येतील, देणगीचं वर्ष संपत आलेलं असतं म्हणून, त्यांना हात जोडा.

प्रत्येकाकडं लॉगबुक. वहीच, शंभर पानी, आणि तुमची सही केसच्या दिवशीच.

भाषा तिथली. तुम्हाला येत नसेल तर दुभाष्या, आणि पेशंटशी बोलायची वाक्यं तरी स्वतः पाठ करा: दुखतंय का, पाय उचला, श्वास घ्या.

आठवड्याला एक ड्रिल करा, पुतळा नसला तरी चालतं. आमच्याकडं एकदा स्पायनलचं औषध जास्त वर चढल्याचं ड्रिल ठेवलं, एक सुईणबाई पेशंट झाली, टेबलावर झोपून म्हणाली हाताला मुंग्या आल्या, बोलता येईना, श्वास लागेना, चांगली नाटकी होती. शिकणाऱ्या पोरानं बरोबर ओळखलं, पाय वर करा, पाणी सोडा, मास्क घेतला, आणि एफेड्रिन (प्रेशर वाढवायचं औषध) आण म्हणाला. एफेड्रिन कपाटात. कपाटाला कुलूप. चावी स्टोअरकीपरकडं. स्टोअरकीपर जेवायला घरी. सगळे एकमेकाकडं बघायलेत आणि टेबलावरची बाई हसायला लागली. त्या दिवशी संध्याकाळी एक लाल डबा केला, कुलूप नाही, झाकणाला नुसती चिकटपट्टी आणि त्यावर तारीख, पट्टी तुटलेली दिसली की मोजून परत भरायचं. असली गोष्ट कुठल्या लेक्चरमधून निघत नाही.

बाहेरचे तयार कोर्स वापरा, चाक परत शोधू नका. बाळंतिणीच्या भुलीसाठी तीन दिवसांचा सेफ कोर्स आहे, युगांडात सुरू झालेला, गरीब देशांसाठीच बनवलेला. जखमींसाठी प्रायमरी ट्रॉमा केअर, दोन दिवस कोर्स, एक दिवस त्यातल्याच निवडक लोकांना शिक्षक बनवायचं, आणि मग लगेच त्या नव्या शिक्षकांनी दोन दिवस दुसऱ्यांना शिकवायचं, तुम्ही मागच्या बाकावर. मला हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. दोन आठवड्यापूर्वी तुमच्या पुढं बोलायला लाजणारी सिस्टर आता सर्जनला विचारते, आधी काय बघणार, सांगा, आणि सर्जन अडखळतो.

डॉक्टर भूलतज्ज्ञ तयार करणं हे लांबचं काम, ते विद्यापीठाबरोबरच होतं. रवांडाचं बघा, १९९४ च्या नरसंहारानंतर आधी टेक्निशियन तयार केले आणि २००६ पासून कॅनडाच्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेनं तिथल्या विद्यापीठाबरोबर डॉक्टरांचा पदव्युत्तर कोर्स चालवला, शिक्षक महिन्या-महिन्यासाठी पाळीनं जायचे. महिन्याला नवीन गुरुजी म्हणजे पोरांची परवडच, पण अभ्यासक्रम आणि डिग्री तिथल्या विद्यापीठाची होती म्हणून गाडी रुळावर राहिली. नंतर तिथलेच पास झालेले शिकवायला लागले.

रोजची शिस्त

दोन गोष्टी, त्यात तडजोड नाही. केस चालू असताना भूल देणारा माणूस पेशंटच्या डोक्याशी, आणि बोटाला ऑक्सिमीटर, आवाज चालू. आवाज बंद करायची सवय सगळीकडं असते, डोकं दुखतं म्हणतात. बीपचा सूर खाली गेला की मान न वळवता कळतं, हे एकदा कानाला बसलं की तेच लोक आवाज नसला तर अस्वस्थ होतात.

चेकलिस्ट. आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची, २००८ ची. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलात वापरून बघितली तेव्हा मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ वर आले, २००९ ला छापून आलं. ज्यांनी हे काम पुढं नेलं ते बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गवांदे, त्यांच्या वडलांचं गाव उमरखेड तालुक्यातलं उटी, म्हणजे आपल्या हदगावहून पैनगंगा ओलांडली की आलंच. तिथं शिकवताना हे सांगायचा उपयोग होतो, की हे काही बोस्टनमधून आकाशातून पडलेलं नाही. फक्त चेकलिस्ट भिंतीवर लावून टिकमार्क करणं म्हणजे काहीच नाही. सर्जननं थांबून ऐकलं पाहिजे, आणि त्याला थांबवायची हिंमत नर्सला आली पाहिजे. ती हिंमत तुम्ही तिच्या बाजूनं दोनदा उभं राहिलात की येते.

रिकव्हरी

ऑपरेशन संपलं की सगळ्यांना वाटतं संपलं. पेशंट अर्धवट झोपेत स्ट्रेचरवर, कॉरिडॉरमध्ये, नातेवाइकाच्या भरवशावर, जीभ मागं पडली तर बघणारं कोणी नाही. ओटीच्या दाराशी दोन कॉट, एक कॉन्सन्ट्रेटर, एक सक्शन, एक ऑक्सिमीटर आणि एक सिस्टर जिला दुसरं काम नाही. नवीन मशीनला मागितलेला पैसा इथं घातला तर जास्त जीव वाचतात असं माझं ठाम मत आहे.

जखमींचा लोंढा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर, उमरगा, सोलापूरला काय झालं ते सीनियरांना विचारा, तो अनुभव इथं कामाचा आहे: पहिल्या तासात चालत आलेले टेबलं अडवतात आणि खरे गंभीर उशिरा पोचतात. दारावर छाटणी करणारा (कोणाला आधी घ्यायचं ते ठरवणारा) सगळ्यात अनुभवी माणूस पाहिजे, आणि तो ओटीत शिरायचा नाही. ट्रानेक्सामिक पहिल्या तीन तासांत, १ ग्रॅम दहा मिनिटांत आणि नंतर १ ग्रॅम आठ तासांत, २०१० च्या क्रॅश-२ या अभ्यासात वीस हजारांवर पेशंटवर तपासलेलं आहे. रक्तपेढी नसते, म्हणून स्टाफ आणि गावकऱ्यांच्या रक्तगटाची यादी आधीच तयार, एचआयव्ही, कावीळ, गरमी (सिफिलिस), मलेरियाच्या किट हजर, ताजं रक्त तपासून तिथल्या तिथं.

पगार आणि कागद

यावर कोणी बोलत नाही आणि यामुळंच सगळं मोडतं. सरकारी पगार चार-चार महिने येत नाही, संस्था तिप्पट देते, मग शिकलेली सिस्टर संस्थेकडं जाते, तेही ड्रायव्हरांची यादी ठेवायच्या कामावर. म्हणून शिकवायला सुरू करायच्या आधी मंत्रालयाकडून लेखी घ्या: या कोर्सचं सर्टिफिकेट सरकार मानणार का, पद तयार होणार का, रात्रीच्या कॉलचे वेगळे पैसे किती. सर्टिफिकेटला किंमत नसेल तर तुम्ही शिकवलेला माणूस कागदावर साधी नर्सच राहतो आणि उद्या त्याची बदली त्वचारोगाच्या वॉर्डात होते. संस्थांनी आपापसात ठरवून पगाराची एक मर्यादा पाळली तर हे थांबतं. पाळत नाहीत, तरी मीटिंगमध्ये बोलायचं.

निघताना

शेवटचे दोन महिने परत हात मागं. तुम्ही ओटीच्या बाहेर खुर्ची टाकून बसा, बोलावलं तरच आत. चाव्या, अ‍ॅनालायझर, लॉगबुकं, सगळं नावानिशी एकेकाला द्या. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करा, त्यात तिथले लोक, तुम्ही आणि आपल्याकडचे दोन-तीन सीनियर, पेशंटचं नाव नि चेहरा टाकायचा नाही हे पहिल्या मेसेजला. कोणी डोस विचारला की लगेच उत्तर देऊ नका, 'तू काय देणार होतास' विचारा, बहुतेक वेळा बरोबरच असतंय.

सहा महिन्यांनी फोन करून तीन गोष्टी विचारा. काल रात्री सिझरला कोण बसलं होतं. कॉन्सन्ट्रेटरवरच्या कागदावर आजचा आकडा किती. आणि गेल्या महिन्यात भुलीत किंवा रिकव्हरीत किती गेले. तिसऱ्याचं उत्तर दर महिन्याला शून्य यायला लागलं तर खूश होऊ नका, लिहिणं बंद झालेलं असू शकतं, ज्याच्याकडं रजिस्टर दिलं होतं त्याला शेवटच्या पानाचा फोटो टाकायला सांगा.